अलीकडं काय पाहिलंत? मालिका, माहितीपट आणि त्यातलं मनात काय उरलं

रंकाळवेस

नमस्कार मंडळी. गेले दोन-अडीच महिने रात्रीची जेवणं आटोपली की मी आणि आई टीव्हीसमोर बसतो. आई प्राथमिक शाळेतून निवृत्त झाली. तिचा एक नियम आहे. भाग संपला की लगेच पुढचा लावायचा नाही, आधी त्यावर बोलायचं. या बोलण्यापायी आमच्या घरात कितीतरी वर्षांनी रात्री अकरापर्यंत दिवा जळतो. म्हटलं, तुम्हालाही विचारावं. अलीकडं काय पाहिलंत? गोष्ट सांगू नका, ती कुठंही वाचायला मिळते. मनात काय उरलं ते सांगा.

सुरुवात मीच करतो. 'चेर्नोबिल' आम्ही फार उशिरा पाहिली, मालिका 2019 ची आहे. पाचच भाग. 26 एप्रिल 1986 च्या रात्री तिथल्या अणुवीज केंद्रातल्या चौथ्या भट्टीचा स्फोट झाला, एवढं मला माहीत होतं. पण स्फोटानंतरच्या पहिल्या काही तासांत ती माणसं एकमेकांशी काय बोलली असतील, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. किरणोत्सर्ग मोजायला जे यंत्र हाताशी असतं, ते 3.6 रॉंटजनच्या पुढं दाखवूच शकत नाही. आणि मग तोच 3.6 चा आकडा खालच्या माणसाकडून वरच्याकडं, तिथून आणखी वर जात राहतो, मोजून खात्री केल्यासारखा. आईनं तिथं थांबवायला सांगितलं. म्हणाली, "पट्टी संपली म्हणून मोजणं थांबलं, आणि यांना वाटलं लांबी तेवढीच आहे." तिनं बत्तीस वर्षं मुलांना पट्टीनं मोजायला शिकवलंय. मला त्या वाक्यानं सगळी मालिका उलगडली.

नंतर त्यावर वाचताना मात्र कळलं की त्यातली खोम्युक ही शास्त्रज्ञ बाई खरी नाही. चौकशीत राबलेल्या अनेक शास्त्रज्ञांचं मिळून एक पात्र केलंय. हे मालिकाही शेवटी सांगते. आणि शेवटच्या भागात मालिकेतला मुख्य शास्त्रज्ञ लेगासोव्ह न्यायालयात उभा राहून स्फोट कसा झाला ते टप्प्याटप्प्यानं समजावतो ना, तो प्रत्यक्षात त्या खटल्याला हजरच नव्हता. मला नेमका तोच भाग सगळ्यात आवडला होता. तेव्हापासून मनात खुपतंय. खऱ्या घटनेवरच्या मालिकेत हे चालतं का?

पूररेषा

रंकाळवेस, धागा चांगला काढलात. मी पण 'चेर्नोबिल' पाहिली, पण मला तुमच्या त्या आकड्यापाशी वेगळंच आठवलं.

आम्ही कोल्हापुरात नदीच्या अंगाला राहतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 ला धोका. जुलै-ऑगस्टात आमच्या गल्लीत माणूस भेटला की आधी फूट-इंच विचारतो, मग बाकीचं. 2019 ला पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं. आम्ही दोन जोडी कपडे आणि कागदपत्रांची पिशवी घेऊन बाहेर पडलो, दोन दिवसांत परत येऊ या हिशोबानं. मालिकेत प्रिप्याट गाव रिकामं करतात, तिथं लोकांना तीन दिवसांपुरतं सामान घ्यायला सांगतात. बसच्या खिडकीतून मागं वळून बघणारी ती माणसं पाहून माझी बायको उठून आत गेली. चिखली-आंबेवाडीचे लोक 2019 ला छपरावर बसून जनावरांकडं बघत होते, तिचं माहेर तिथलंच.

आमचा पूर सगळ्या वाहिन्यांनी दाखवला. वरून दाखवला, होडीतून दाखवला. पाणी उतरलं तसे कॅमेरेही गेले. खरा पूर त्यानंतर घरात असतो हो. गाळ ओला असताना काढला तर निघतो, वाळला की भिंतीला धरतो. कपाटाचं दार फुगून बसतं, ते तोडावं लागतं. आईच्या लग्नाचा फोटोंचा अल्बम आम्ही पान पान सुटं करून पंख्याखाली वाळवला. चिकटलेली दोन पानं सोडवताना तिचा चेहरा एका पानावरून दुसऱ्यावर गेला. दोन वर्षांनी, 2021 ला, परत तेच. त्यावर कुणी दोन तास बसून माहितीपट केला तर तो मी विकत घेऊन बघेन.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: पात्र नवं घातलं तर चालेल, पाण्याची पातळी बदललेली चालणार नाही.

पाटीवरची अक्षरं

मी आठवी-नववीला शिकवते. 'अ‍ॅडोलसन्स' पाहिली (2025, चार भाग). प्रत्येक भाग एकाच सलग चित्रणात घेतलाय, मध्ये कुठंही तोड नाही. त्या कौतुकाबद्दल सगळ्यांनी लिहिलंय, मी त्यात शिरत नाही. तेरा वर्षांच्या शाळकरी मुलावर खुनाचा आरोप येतो, ही गोष्ट पूर्ण रचलेली आहे, कुठल्या एका खऱ्या खटल्यावरची नाही. तरी मला ती माझ्या वर्गातली वाटली.

दुसऱ्या भागात पोलीस तपासाला शाळेत येतो आणि त्याचा स्वतःचा मुलगा त्याला बाजूला घेऊन समजावतो की मोबाईलवरच्या त्या रंगीत चिन्हांचा अर्थ तुम्ही समजता तो नाही. बापाला पुरावा डोळ्यांपुढं असून वाचता येत नसतो. मी दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर चार-पाच चिन्हं काढली आणि विचारलं, यांचा अर्थ काय? एरवी गलका करणारा वर्ग एकदम गप्प झाला. मुलं एकमेकांकडं बघायला लागली. कुणी काही बोललं नाही. मधल्या सुट्टीत एक मुलगी मागं थांबली आणि तिनं मला दोन चिन्हांचे अर्थ सांगितले. त्यातलं एक तिलाच कुणीतरी पाठवलेलं होतं. तिच्या घरी आम्ही बोललो, पुढचं इथं लिहीत नाही.

तिसरा भाग पुन्हा पाहायचा धीर अजून झालेला नाही. एक खोली, एक मानसशास्त्रज्ञ बाई आणि तो तेरा वर्षांचा मुलगा. ती त्याच्यासाठी स्वतःचं अर्धं सँडविच आणते. बोलणं संपल्यावर ते टेबलावर तसंच उरतं आणि तिला त्याला हात लावणं होत नाही. तेवढ्या एका उरलेल्या घासात सगळं आलं.

त्यामुळं रंकाळवेस, घडलेलं आणि खरं या दोन गोष्टी मला तरी वेगळ्या वाटतात.

करवीरची लेक

ताई, वर्गातला प्रसंग वाचून अंगावर काटा आला. त्या मुलीला तुम्ही भेटलात हे बरं झालं.

पण इतिहासाच्या बाबतीत मी इतकी मोकळी होऊ शकत नाही. मुलीला घेऊन 'स्वराज्यसौदामिनी ताराराणी'चे भाग (सोनी मराठी, 2021) सध्या परत बघतेय. मुलगी रोज शाळेला जाताना कावळा नाक्यावरचा घोड्यावरचा पुतळा बघते, त्यामुळं तिला राणी आपल्या ओळखीचीच वाटते. तिचा पहिला प्रश्न होता, "म्हातारी झाल्यावर काय केलं तिनं?"

तिला काय सांगायचं यासाठी मी पुस्तकं काढून बसले. राजाराम महाराज 1700 ला सिंहगडावर वारले तेव्हा ताराबाई पंचविशीतल्या. 1707 ला औरंगजेब मेला तोवर सात वर्षं त्यांनी मोगलांना उसंत दिली नाही. हे आपल्याला पाठ आहे. पण त्या गेल्या 1761 ला! मधली चोपन्न वर्षं कुठं गेली? शाहूंशी गादीचा वाद, 1714 ला पन्हाळ्यावर सवतीनं, राजसबाईंनी केलेली कैद, वारणेच्या तहानं सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या कायमच्या वेगळ्या झाल्या त्या काळातलं राजकारण, मग साताऱ्यातली वर्षं, पुन्हा डाव, पुन्हा माघार. पानिपत झालेलं ऐकूनच त्यांनी डोळे मिटले. तलवार हातात नसताना अर्धशतकाहून जास्त काळ जी बाई राजकारणात टिकून राहिली, तिची गोष्ट सांगायला घोडा लागत नाही. एक खोली, चार माणसं आणि चांगला लेखक लागतो. आत्ता ताईंनी सांगितली तशी एक खोली.

आपल्याकडं ताराराणींची गोष्ट सांगायची म्हटलं की सगळा जीव त्या सात वर्षांवर जातो. आणि रोजच्या मालिकांत एका वाक्यावर पाच चेहरे दाखवायची जी सवय आहे, तिनं चांगल्या नटांचंही नुकसान होतं. राणी विचार करतेय हे दिसायला तिला दोन क्षण गप्प बसू द्यावं लागतं.

गंगावेस

इतिहासाचं तुम्ही बोललाय ते पटलं. मला भाषेचं बोलायचंय, लई दिवस मनात हाय.

'तुझ्यात जीव रंगला' 2016 ला सुरू झाली तेव्हा आमच्या घरात सगळी कामं टाकून बघायचो. वसगड्यात चित्रीकरण, ओळखीचा ऊस, ओळखीची तालीम. 'चालतंय की' पुण्या-मुंबईत लोक म्हणायला लागले तेव्हा छाती भरून यायची. ते श्रेय द्यायलाच पायजे. पण त्यानंतर जी कोल्हापुरी माणसं पडद्यावर आली ती बघितली की वाटतं, लेखकानं वाक्य पुण्यात लिवलं आणि मग त्यात 'लई', 'रं', 'नाद खुळा' पेरलं. भाषा अशी पेरून येत नाही, भावा.

एकच उदाहरण देतो. माझी आई आयुष्यभर "मी आलो", "मी जेवलो", "जातो मी बाजारला" असंच म्हणत आली. बहीणपण तसंच म्हणते. कोल्हापुरात घराघरात बायका असं बोलतात. हे बाहेरच्याला चूक वाटतं, आमच्यासाठी ते आईचं बोलणं हाय. आजवर कुठल्या मालिकेत कोल्हापूरची बाई असं बोलताना मी तरी ऐकली न्हाई. 'काय करायलाईस', 'पाऊस पडायलाय' हे पण क्वचितच. आणि सूर! इथं 'या की' म्हणताना शेवटी जो उंच सूर लागतो, त्यात सगळं आमंत्रण असतंय. तो सूर रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर अर्धा तास उभं राहिलं तरी कानावर पडतो. ग्लासभर दूध पिऊन जा म्हणावं, आणि ऐका.

मालिकेतला कोल्हापुरी माणूस एकतर मारामारी करतोय न्हाईतर रस्सा ओरपतोय. त्याला दवाखान्यात बसून बायकोच्या रिपोर्टची वाट बघताना कुणी दाखवत न्हाई.

रंकाळवेस

गंगावेस, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मीपण आलोच म्हणतो की." आणि मग गप्प झाली. शाळेत बत्तीस वर्षं ती 'मी आले' म्हणत होती, घरी 'आलो'. हे दोन्ही मी जन्मभर ऐकलं आणि आज लक्षात आलं.

धोटा

इचलकरंजीहून लिहितोय. माहितीपटांचं फारसं कुणी बोललं नाही म्हणून.

'मशिन्स' पाहिला. राहुल जैन यांचा, 2016 चा, गुजरातमधल्या एका कापड गिरणीतला. निवेदन नाही. कोण कुठला सांगणाऱ्या पट्ट्या नाहीत. कॅमेरा नुसता ओल्या बोळांतून, रंगाच्या पिंपांमधून, कापडाच्या ढिगांवरून फिरतो. त्यात एक पोरगा आहे, यंत्रापाशी उभ्या उभ्या त्याचे डोळे मिटायला लागतात. मान खाली जाते, दचकून वर येते, परत जाते. कितीतरी वेळ तेवढंच. माझ्याबरोबर बघणारा मित्र म्हणाला, पुढं ने. मी नेलं नाही. रात्रपाळीचा पहाटे चारचा वेळ असाच जातो, तो पुढं नेता येत नाही.

माझा बाप साध्या यंत्रमागावर आयुष्यभर राबला. एकट्यानं आठ माग बघायचा. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली कांडी संपत आली की खटाक्याच्या आवाजात किंचित फरक पडतो, तो त्याला पाठमोरा असताना कळायचा. ताण्याचा, म्हणजे उभा, एखादा धागा तुटला तर साधा माग थांबत नाही, विणतच राहतो आणि कापडात डाग जातो. म्हणून डोळा कापडावर आणि कान बाकीच्या सातांवर. तुटलेलं सूत तो दोन बोटांत धरायचा, एक वळसा, आणि गाठ बसलेली असायची. मी शेकडो वेळा बघूनही ती मला जमली नाही. मजुरी पिकावर, म्हणजे आडवा धागा जेवढ्या वेळा घातला त्यावर. माग बंद तर मजुरी बंद. मागाच्या आवाजानं त्याचे कान साठीच्या आधीच गेले. घरी तो आमच्या ओठांकडं बघून बोलणं समजून घ्यायचा.

त्या चित्रपटात शेवटाकडं कामगार जमतात आणि कॅमेरा धरलेल्या माणसालाच विचारतात की तुम्ही आलात, विचारलंत, आता जाल, मग आमचं काय? दिग्दर्शकानं ते कापलं नाही, तसंच ठेवलं. गंगावेस म्हणतात त्या पेरलेल्या भाषेपेक्षा मला हे मोठं वाटतं. ज्याला दाखवतोय त्याला प्रश्न विचारू देणं.

मला बापाचं कुणी तरी चित्रण करायला हवं होतं. तो 2017 ला गेला.

आंबाघाट

धोटा, तुमच्या वडिलांबद्दल वाचलं आणि दिवसभर तेच डोक्यात होतं.

मी 'द एलिफंट व्हिस्परर्स' आत्ता दुसऱ्यांदा पाहिला. कार्तिकी गोन्साल्विस यांचा, 2023 ला ऑस्कर मिळालेला, जेमतेम चाळीस मिनिटांचा. मुदुमलाईच्या जंगलातल्या थेप्पाकडू छावणीत बोम्मन आणि बेल्ली हे जोडपं रघू नावाचं हत्तीचं पोरकं पिल्लू वाढवतं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा सुंदर वाटला होता. 2025 च्या जुलैत नांदणीच्या मठातली माधुरी हत्तीण जामनगरला नेली, तेव्हा मी रस्त्यावर उभा होतो. बाया-माणसं ओक्साबोक्शी रडत होती. त्यानंतर हा माहितीपट पाहिला आणि रघूला दुसऱ्या माहुताकडं देतात त्या ठिकाणी माझ्याच्यानं बघवेना.

पाटीवरची अक्षरं

आंबाघाट, मीही त्या दिवसांत रडले. पण मला त्याच माहितीपटानं एक गोष्ट शिकवली. रघूच्या जोडीला अम्मू येते तेव्हा तो वेगळाच होतो. हत्तीला माणसाची माया पुरत नाही, हत्ती लागतो. नांदणीच्या बाबतीत पाय, साखळी, एकटेपणा यावर न्यायालयात जे मांडलं गेलं, ते आपण नीट ऐकलं का असं मला अजून वाटतं.

आंबाघाट

ते मान्य आहे. पण तिथल्या लोकांची माया खोटी नव्हती, हे बाहेर कुणी दाखवलं नाही. दोन्ही एका चौकटीत दाखवणारा माहितीपट व्हायला हवा. कुणाला खलनायक न करता.

खरी कॉर्नर

उशिरा आलो, सगळं वाचलं. एक राहून गेलंय म्हणून सांगतो.

माझ्या घरापासून कॅमेरा मानस्तंभ हाकेच्या अंतरावर आहे. बाबूराव पेंटरांनी याच गावात परदेशी यंत्र बघून, सुटे भाग घडवून स्वतःचा कॅमेरा तयार केला. 1917 ला महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. पुढं त्यांच्याच हाताखालची मंडळी बाहेर पडली आणि 1929 ला 'प्रभात' इथंच उभी राहिली. हे सगळे सांगतात. मला सांगायचंय ते 1925 च्या 'सावकारी पाश'बद्दल. देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या गोष्टी चालत असताना पेंटरांनी कर्जात जमीन गमावून शहरात मजुरीला जाणारा शेतकरी पडद्यावर आणला. तरुण व्ही. शांतारामांनी ती भूमिका केली. त्यातलं काळोखी झोपडं आणि बाहेर विव्हळणारं कुत्रं, एवढ्यावर तो प्रसंग उभा होता असं जुनी माणसं सांगत. मूकपट होता. भाषा पेरायची सोयच नव्हती. बघावंच लागत होतं.

म्हणजे कोल्हापूरला बघता येत होतं. शंभर वर्षांपूर्वी येत होतं. आज मोरेवाडीला चित्रनगरी आहे, मालिकांचे सेट लागतात, आपली पोरं तिथं दिवे धरतात, मेकअप करतात, ध्वनी सांभाळतात. काम शिकलेले हात गावात आहेत. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं, तेव्हा खासबागेच्या बाजूला उभ्या असलेल्या त्याच पोरांतल्या एकानं मला विचारलं, "काका, आतलं शूटिंग कुणाकडं आहे का हो? रंगमंचाच्या मागचं?" पडद्यामागचे दोर, तिथली फळी, नटांनी भिंतीवर लिहिलेलं. कुणाकडं आहे हे मला सांगता आलं नाही. नाट्यगृह पुन्हा बांधता येतं. ती भिंत कशी होती ते आता कुणाला विचारायचं?

चुलवाण

मी इथं नुसता वाचतो, लिहीत नाही. करवीर तालुक्यातलं गाव, घरचं गुऱ्हाळ. धोटाभाऊंचं वाचून लिहावं वाटलं.

टीव्हीवर गुऱ्हाळ बऱ्याचदा दाखवतात. गरम गूळ, वाफ, हिरोईनच्या हातात ऊस. पाच मिनिटांत सगळं आटोपतं. आमचे गुळव्या, म्हणजे गूळ करणारे, मामा सत्तरीचे आहेत. काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, रस चढायला लागला की भेंडीचं पाणी घालून मळी काढतात, तेव्हा ते कुणाशी बोलत नाहीत. बुडबुडा आधी बारीक असतो, मग मोठा फुटतो, मग जड होऊन फुटेनासा होतो. त्या घडीला ते बोटभर पाक गार पाण्यात सोडतात आणि त्याची गोळी वळून बघतात. जरा लवकर उतरवला तर रवा बसत नाही, पाझरतो. जरा उशीर झाला तर करपट. मापाचं यंत्र नाही, घड्याळ नाही. चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, चिपाड किती टाकायचं हे ते नुसत्या हाताच्या इशाऱ्यानं सांगतात. 2014 ला कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या कागदावर मामांचं नाव नाही. शिकायला त्यांच्या हाताखाली आता कुणी नाही. मी थोडं शिकलोय, पण ती जड बुडबुड्याची घडी माझी अजून चुकते.

घरी माझा फोन आहे, तेवढाच. कसं घ्यायचं हे कुणी सांगेल का?

खरी कॉर्नर

चुलवाण, चित्रनगरीत ध्वनी बघणारा एक पोरगा माझ्या शेजारी राहतो. त्याला आजच विचारतो. काहिलीचा आवाज नीट यायला हवा.

धोटा

मी येतो. इचलकरंजीहून पहिल्या गाडीनं निघेन.

रंकाळवेस

मी आणि आई पण. चुलवाण, पहिल्या दिवशी कॅमेरा आणायचा नाही असं मला वाटतं. पहिल्या दिवशी नुसतं बसू, मामांना आम्हाला काय विचारायचं ते विचारू दे. आई विचारतेय, काहील किती वाजता चढते?

चुलवाण

दिवाळी झाली की हंगाम सुरू. पहिली काहील पहाटे चारला. तीन वाजता या म्हणजे रस गाळताना बघायला मिळेल. आजींना शाल आणायला सांगा. चुलवाणाजवळ ऊब असते, गूळ निववायच्या वाफ्याकडं फार गारठा असतोय. गूळ घेऊन जायला डबा आणू नका, घरात आहेत.